बाहुल्यांचे तपासनीस दातार

"हिचा डावा हात कुठं आहे?"

दातारांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. या नाही, बसा नाही. नारायण पेठेतल्या त्यांच्या घराचे तीन जिने चढून मी धापा टाकत उभी होते आणि मोठ्या हौसेनं मोबाइल पुढं केला होता. त्यावर एका कचकड्याच्या बाहुलीचा फोटो होता. गुलाबी गाल, निळे डोळे, झालरीचा फ्रॉक, शेजारी फुलदाणी. लहानपणी आमच्या समोरच्या घरात अगदी तशी एक बाहुली कपाटावर बसलेली असायची आणि तिला हात लावायची आम्हा मुलींना परवानगी नव्हती. चाळिशी उलटल्यावर मी ती हौस भागवायची ठरवलं होतं आणि विक्रेत्याला जवळजवळ होकार देऊन टाकला होता.

"फुलदाणीच्या मागं असेल," मी म्हटलं.

"असेल. नसेलही. तुम्ही बाहुली घेताय की फुलदाणी?"

मला राग आला. पण घरी जाऊन मी विक्रेत्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं : "हात आहे मॅडम, सुटा आहे. पिशवीत घालून पाठवतो."

त्यानंतर मी दातारांना दाखवल्याशिवाय एकही बाहुली घेतली नाही. पुण्यात बाहुल्या जमवणारी आम्ही दहा-बारा माणसं होतो, त्यातले बहुतेक जण तसंच करायचे. दातार जाऊन आता चार वर्षं झाली. अजूनही कुणी फोटो दाखवला की मी आधी हात मोजते.

आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीत सर्व्हेअरची नोकरी केली होती. जळालेली दुकानं, चेपलेल्या मोटारी, पुरात भिजलेला माल, यांतून खरं किती आणि सांगितलेलं किती हे वेगळं करणं हा त्यांचा धंदा. एकदा एका कापड दुकानदारानं आग लागायच्या आदल्या आठवड्यातला म्हणून गच्च भरलेल्या दुकानाचा फोटो दिला. दातारांनी कापडाकडं पाहिलंच नाही. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर भिंगातून पाहिलं, ते तीन वर्षांपूर्वीचं होतं. ही गोष्ट ते दर दोन महिन्यांनी सांगायचे आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "त्या गृहस्थाचं काही चुकलं नाही. फोटो चांगला होता. फक्त भिंत झाकायला विसरला."

बारीक अंगाचे, उंच, घरातही इस्त्रीचा शर्ट. खिशात भिंग आणि अर्धी पेन्सिल. कुणी फोटो पाठवला की तो मोबाइलवर बघायचे नाहीत; खाली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मोठा छापून आणायचे, मग जेवणाच्या टेबलावर पसरून पेन्सिलनं गोल करत बसायचे. इथं सावली दोन बाजूंना का पडली आहे? मान जरा जास्तच कललेली का आहे, भेग लपवायला तर नाही? पायात बूट आहेत, मग बुटाखाली काय आहे? "फोटोत काय दाखवलंय ते मागाहून बघा," ते म्हणायचे. "काढणारा कुठं उभा राहिलाय ते आधी बघा. जिथून दोष दिसेल तिथून माणूस लांबच उभा राहतो."

मंडईतही हेच. टोमॅटोच्या ढिगाच्या पुढच्या बाजूला हात लावायचे नाहीत, वाकून मागचे मागायचे. "अवो काका, मागचेबी माझेच हायेत," असं एक भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली. "म्हणूनच मागतोय," दातार म्हणाले.

पण एक गोष्ट मला कळायला दोन-तीन महिने लागले, कारण त्या घरात बोलायचे दातारच. बाहुल्यांची हौस त्यांना नव्हती. संग्रह सगळा सुधाकाकूंचा, त्यांच्या बायकोचा. काचेच्या तीन कपाटांत मिळून शंभरावर बाहुल्या होत्या, आणि प्रत्येक बाहुलीवर काकूंचा जीव होता. दातारांचं काम त्यांच्यावर नजर ठेवण्याचं होतं. बाहुल्यांवर म्हणा, काकूंवर म्हणा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडं जमायचो. काकू पोहे करायच्या. पुढं मोबाइलवर आमचा ग्रुप झाला आणि रविवारची वाट बघायची गरज उरली नाही, रोजच कुणाचं ना कुणाचं कपाट डोळ्यांसमोर यायला लागलं. दातारांना सुरुवातीला हे आवडलं. एखादी बाहुली घ्यायची असेल तर ते ग्रुपवर विचारायला लावायचे : हीच कुणाकडं आहे का? असेल तर आजचा फोटो टाका, झाडपूस न करता. "विकणाऱ्याच्या फोटोत बाहुली आजच जन्मलेली असते," ते म्हणत. "जिनं दहा वर्षं सांभाळलीय तिच्या फोटोत ती म्हातारी दिसते. ते म्हातारपण पटलं तर घ्या." असे फोटो बघून मला कळलं की माझ्या मनातल्या जातीचा कचकडा हळूहळू पिवळा पडतो आणि पापण्या अर्ध्यावर अडकतात. दोन बाहुल्या मी त्यामुळं सोडल्या. तिसरी घेतली, नाकाचा टवका उडालेली, पण डोळे नीट मिटणारी. ती अजून माझ्याकडं आहे.

मग त्यांना संग्राहकांच्या फोटोंचाही संशय यायला लागला. खोटे आहेत म्हणून नव्हे. कुणी एकीनं जपानी बाहुली सुंदर काचेच्या पेटीत ठेवून फोटो टाकला की आठवड्याभरात चौघींना जपानी बाहुली हवी असायची. काकूही त्यांतल्याच. मोबाइल छातीशी धरून स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या.

"अहो, बघा तरी कशी बसलीय."

दातार बघायचे. "तुला बाहुली हवीय की त्यांचं कपाट?"

काकू आत जायच्या. आम्ही हसायचो. ते वाक्य ग्रुपमध्ये इतकं रुळलं की आम्ही एकमेकींनाही ऐकवायला लागलो. काकू त्या वेळी हसत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं असं आज म्हणावंसं वाटतं. खरं म्हणजे आलं नव्हतं.

रेवती कानिटकर आमच्यात उशिरा आल्या. कोथरूडला राहायच्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, मितभाषी. त्यांच्याकडं बाहुल्या मोजून सात. पण त्या फोटो काढायच्या ते बघत राहावेत असे. घरातल्या एका खिडकीच्या लाकडी कट्ट्यावर बाहुली ठेवायची, सकाळचं ऊन तिच्यावर तिरपं येऊ द्यायचं, बास. त्यांच्याकडं आत्याची एक ठकी होती. ठकी म्हणजे लाकडाची जुनी बाहुली, एकाच ओंडक्यातून कोरलेली, अंगावरचं लुगडंसुद्धा रंगानंच काढलेलं. हिचं नाक झिजून सपाट झालेलं, कमरेचा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं, आणि तरीही त्या उन्हात ती अशी बघत होती की ग्रुपवर त्या दिवशी दुसरं कुणी काही टाकलंच नाही.

महिन्याभरात पाच जणींना ठकी हवी झाली. आणि नेमका त्याच सुमारास एक विक्रेता उगवला, ज्याच्याकडं जुन्या ठक्या होत्या. एक नाही, पाहिजे तितक्या.

"पाहिजे तितक्या जुन्या वस्तू कुणाकडं असतात हो?" दातारांनी मला विचारलं. "मला तरी माझ्याकडं पाहिजे तितकी जुनी फक्त औषधं दिसतात."

त्यांनी त्या विक्रेत्याचे सगळे फोटो छापून आणले. एका दुपारी, मी शिकवायचे ती शाळा सुटल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एक रेवतीबाईंनी ग्रुपवर टाकलेला ठकीचा फोटो. दुसरा विक्रेत्याचा, एका ठकीचा पाठमोरा.

"कट्टा बघा."

मी भिंगातून पाहिलं. दोन्ही फोटोंत लाकडी कट्ट्याच्या कडेला तीच ढलपी निघालेली होती.

"त्यानं रेवतीबाईंचा फोटो चोरला असेल," मी म्हटलं.

"कुठून? ग्रुपवर हा पाठमोरा फोटो आलेलाच नाही. मी सगळे परत तपासले. म्हणजे हा माणूस त्या खिडकीपाशी उभा होता, किंवा त्या बाईंनी स्वतः काढून दिला. त्या हौस लावतात, हा माल पुरवतो." त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. "सात बाहुल्यांची बाई. मला पहिल्यापासून सात कमीच वाटत होत्या."

मला ते पटलं. पटलं नुसतं नाही, मला मजा वाटली. पुढचे आठ दिवस मी रेवतीबाईंचे जुने फोटो काढून त्यांत काही सापडतंय का ते बघत होते, आणि प्रत्येक फोटोत काहीतरी सापडतही होतं.

रविवारी सगळे जमले. रेवतीबाई पहिल्यांदाच ठकीला प्रत्यक्ष घेऊन आल्या होत्या, मऊ पंचात गुंडाळून. पोहे झाले आणि दातारांनी दोन्ही कागद त्यांच्यापुढं सरकवले.

"कानिटकरबाई, आपली खिडकी आणि या विक्रेत्याची खिडकी एकच कशी, हे जरा सांगाल का?"

रेवतीबाईंनी कागद उचलला, चष्मा वर करून पाहिला. मग त्यांनी मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. हे एका क्षणात झालं. मला वाटलं, त्या पळायची वाट शोधताहेत.

"फोटो माझाच आहे," रेवतीबाई म्हणाल्या. "मी तो फक्त एका व्यक्तीला पाठवला होता. त्या विक्रेत्याला मी ओळखत नाही."

"कोणाला पाठवला होता?"

"ते मी सांगणार नाही."

"सोयीचं आहे," दातार म्हणाले.

रेवतीबाईंनी ठकी पुन्हा पंचात गुंडाळली. गाठ दोनदा सुटली. कुणी उठून मदत केली नाही. मी तर त्यांच्या शेजारीच बसले होते. त्या गेल्यावर दातार म्हणाले, "चहा गार होतोय," आणि आम्ही चहा प्यायलो. संध्याकाळी रेवतीबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. तेव्हा एकीनं लिहिलं, "बरं झालं." खाली सहा अंगठे आले. त्यांतला एक माझा.

चार-पाच दिवसांनी मी दातारांकडून आणलेलं एक पुस्तक परत द्यायला गेले. दातार दारातच एका खोक्याची चिकटपट्टी कापत होते. "सुधाच्या नावानं आलंय," ते म्हणाले. "पाठवणाऱ्याचं नाव नाही." काकू आतून लगबगीनं आल्या, पण तोवर भुसा जमिनीवर पडला होता आणि दातारांच्या हातात ठकी होती.

त्यांनी ती उजेडात धरली. फिरवली. अंगठा कमरेवरून नेला, मग डोक्यावरून, मग पाठीवरून.

"सगळीकडं सारखी घासलीय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पॉलिश पेपरनं. मूल बाहुली कमरेला धरतं. झीज तिथं पाहिजे." मग नाकाशी नेऊन वास घेतला. "चहाचं पाणी. ही कुणी मागवली?"

"मी," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

काकूंनी पदर हातात धरला. "रेवतीच्या फोटोवरून. मला तिची ठकी सगळ्या बाजूंनी बघायची होती. मी तिला म्हटलं, मागून, बाजूनं, सगळे फोटो पाठव, पण ह्यांना सांगू नकोस. तिनं पाठवले. ते मी त्या माणसाला पुढं पाठवले, म्हटलं मला अशीच हवी. त्यानं तेच फोटो लावले असतील. मला ठाऊक नव्हतं हो."

दातार खुर्चीवर बसले. ठकी मांडीवर. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दार त्यांच्या मागं होतं.

"रविवारी बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलत होतात ना," काकू म्हणाल्या.

त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रोज सांगतात तसं सांगितलं. मग दातारांनी मला विचारलं, "कुलकर्णीबाई, उद्या शाळेला सुट्टी घेता येईल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कोथरूडला गेलो. काकूंनी येते म्हटलं तर ते म्हणाले, "तू मागाहून जा. हे मी केलंय." रेवतीबाईंनी दार उघडलं, पण अर्धंच.

"माझी चूक झाली," दातार म्हणाले. "फोटो कुणाकडून गेला ते कळलं. आपण त्या वेळी नाव घेतलं असतं तर..."

"तर तुम्ही सगळ्यांसमोर त्यांची चौकशी केली असती," रेवतीबाई म्हणाल्या. "माझी केलीत तशी."

दातारांनी मान हलवली.

"तुम्हाला दोन महिने माझा फोन नंबर माहीत होता. एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की खिडकी माझी आहे, हा माणूस कोण ते शोधू या. तुम्ही मला सोडून सगळ्यांना विचारलंत. कट्ट्याला विचारलंत, ढलपीला विचारलंत." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

त्यांच्या मागं बैठकीच्या खोलीतली ती खिडकी दिसत होती. कट्ट्यावर काही नव्हतं.

त्या संध्याकाळी दातारांनी काकूंचा मोबाइल घेऊन खोट्या ठकीचे फोटो काढले. बाहुलीचे फोटो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काढले. अकरा फोटो. पुढून, मागून, तळातून, घासलेल्या खुणांचे जवळून. काही हललेले होते. सगळे ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं : "त्या विक्रेत्याकडून प्रत्यक्षात हे येतं. त्यानं लावलेला फोटो रेवती कानिटकर यांच्या ठकीचा आहे आणि त्यांच्या नकळत वापरलेला आहे. मी त्यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता. चौकशी मी केली, पण त्यांना न विचारता. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही. श्री. ग. दातार."

पाच मिनिटांनी खाली आणखी एक ओळ आली : "फोटो त्या माणसाला मी पाठवला होता. सुधा दातार."

मग तिघींनी मागवलेल्या ठक्या रद्द केल्याचं कळवलं. अंगठे परत घेण्याची सोय मोबाइलवर होती, मी माझा काढून घेतला. त्यानं काय होणार होतं?

रेवतीबाई ग्रुपवर परत आल्या नाहीत, दातारांच्या घरीही आल्या नाहीत. काकू मात्र त्यांच्याकडं जायला लागल्या. शनिवारी दुपारी दातार काकूंना कोथरूडला सोडायचे, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी पेपर वाचत थांबायचे आणि तासाभरानं परत घेऊन यायचे. एकदा मी विचारलं, वर का जात नाही? "बोलावलेलं नाही," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. वर्षभर असंच चाललं. एका शनिवारी काकूंच्या हातून खाली चहाचा थर्मास आला. तेवढंच. वर बोलावणं आलं नाही आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

संशयी स्वभाव काही गेला नाही. रविवारी कुणी फोटो दाखवला की पेन्सिलचे गोल व्हायचेच. पण आता गोल झाले की कागद बाजूला ठेवून म्हणायचे, "हे माझे अंदाज. त्यांना फोन लावा, विचारा." आणि काकू मोबाइल घेऊन बाहेर आल्या की हातातलं ठेवून नीट बघायचे. "तुला का आवडली, सांग," असं विचारायचे. काकूंना सुरुवातीला उत्तरच यायचं नाही. चाळीस वर्षांत तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पुढं यायला लागलं. केसांमुळं म्हणायच्या, कधी म्हणायच्या, हिला कुणी घेणार नाही म्हणून.

दातारांना मी शेवटचं पाहिलं ते स्वारगेटला, सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला. मी साताऱ्याला निघाले होते. वाईच्या गाडीजवळ दातार उभे, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. खूपच वाळले होते. काकू आधीच आत खिडकीशी बसल्या होत्या.

"वाईला काय काम काढलंत?" मी विचारलं.

"बाहुली बघायची आहे. हिच्या ओळखीतल्या कुणाकडं."

"फोटो कसा होता?"

"पाहिलेला नाही," दातार म्हणाले. "ही म्हणाली, जाऊ या."

तेवढ्यात त्यांना शंका आली. ते गाडीच्या पुढं जाऊन पाटी वाचून आले. कंडक्टरला विचारलं, तो हो म्हणाला. ड्रायव्हरला विचारलं, त्यानं मान हलवली. पायरीवर चढून ते परत थांबले आणि मला म्हणाले, "कुलकर्णीबाई, ही वाईलाच जाते ना? वाटेत कुठं वळत नाही?"

"जाते, काका."

तरी ते एक हात दांडीला धरून तिथंच उभे होते. मागची माणसं कुरकुरायला लागली. काकूंनी खिडकीतून डोकं आत घेतलं, शेजारच्या जागेवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "अहो, जाते. या, बसा."

दातार आत गेले आणि बसले.